पद्मिनीला करंट येत नाही? नवीन शिकणाऱ्यांसाठी माझा अनुभव

आयटीआयला मेकॅनिक मोटर व्हेइकल ट्रेड केला तेव्हा सीबी पॉइंट (कॉन्टॅक्ट ब्रेकर, म्हणजे इंजिन फिरताना उघडमिट होऊन कॉइलचा करंट तोडणारे छोटे संपर्क) आम्हाला एक-दोन दिवसच दाखवले होते, बाकी सगळं इंजेक्शनवाल्या गाड्यांवर. नंतर जुन्या गाड्यांच्या गॅरेजला लागलो आणि पहिल्याच आठवड्यात प्रीमियर पद्मिनी समोर आली, कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली, 1089 सीसीचं इंजिन. मुंबईतल्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी 2023 च्या ऑक्टोबरमध्ये बंद झाल्या, त्यांच्यावर आयुष्य काढलेले मिस्त्री लोक पण आता कमी होत चाललेत, पण हौसेने ठेवलेल्या गाड्या अजून आहेत आणि त्यांना हात लावणारी पोरं हवीत. म्हणून लिहितोय.

गाडी स्टार्टर फिरवत होती पण पकडत नव्हती. मी सरळ प्लग बदलले, मग नवीन पॉइंट टाकले, तरी काही नाही, आणि आधी निदान कधीतरी एखादा फटका यायचा तो पण बंद झाला. मिस्त्री एवढंच म्हणाले, "करंट कुठपर्यंत येतोय ते बघितलंस का?" नव्हतं बघितलं. पार्ट बदलून फॉल्ट शोधायचा नाही, हे मी तिथे शिकलो, कारण बदलताना आपण अजून एक फॉल्ट घालून ठेवतो आणि मग दोन शोधावे लागतात.

सुरुवात कॉइलच्या (बॅटरीच्या कमी व्होल्टचे हजारो व्होल्ट करते ती) मधल्या जाड वायरपासून करा. ती वायर डिस्ट्रिब्युटरच्या (प्रत्येक प्लगला पाळीने करंट वाटणारा भाग, पॉइंट याच्याच आत असतात) कॅपमधून काढायची, इन्सुलेशनवाल्या पक्कडने धरून टोक इंजिनच्या स्वच्छ लोखंडापासून 5-6 मिमीवर ठेवायचं आणि दुसऱ्याला स्टार्टर मारायला सांगायचं. हाताने अजिबात धरू नका, हजारो व्होल्ट असतात, आणि कार्ब्युरेटर गळत असेल किंवा पेट्रोलचा वास येत असेल तर आधी ते बघा. निळा-पांढरा, टक् टक् आवाज करणारा स्पार्क आला तर कॉइलपर्यंत सगळं ठीक, मग कॅप, रोटर (कॅपच्या आत फिरणारा तुकडा), वायरी नाहीतर प्लगमध्ये गडबड. पिवळा, मलूल आला किंवा आलाच नाही तर कॉइल आणि पॉइंटच्या बाजूला शोधायचं.

माझ्याकडे स्पार्कच नव्हता. मग मिस्त्रींनी टेस्ट लॅम्प (दोन वायरी जोडलेला छोटा दिवा) लावला, एक टोक कॉइलच्या डिस्ट्रिब्युटरकडे जाणाऱ्या टर्मिनलला, दुसरं बॉडीला. चावी ऑन करून इंजिन फिरवलं की पॉइंट उघडल्यावर दिवा लागला पाहिजे आणि मिटल्यावर विझला पाहिजे. कायम लागलेला असेल तर पॉइंट जुळत नाहीत, म्हणजे बहुतेक जळलेत किंवा त्यांच्यात तेल आहे. नव्या पॉइंटवर पण कधी कधी तेलाचा पातळ थर असतो, तो पेट्रोलने पुसून मधून कोरा जाड कागद फिरवायचा. आमचा दिवा मात्र कायम विझलेला. कॉइलवरून डिस्ट्रिब्युटरची बारीक वायर काढली आणि दिवा लगेच लागला! म्हणजे चावीकडून सप्लाय येत होता, कॉइलमधून पुढे पण जात होता, डिस्ट्रिब्युटरच्या आत कुठेतरी करंट कायमचा बॉडीला मिळत (अर्थिंग होत) होता.

ते मीच केलं होतं. पॉइंटच्या टर्मिनलला फायबरचे छोटे वॉशर असतात, त्यांच्यामुळे वायर आणि स्प्रिंग बॉडीला टेकत नाहीत. मी एक वॉशर उलट्या जागी घातला होता, त्यामुळे पॉइंट उघडले तरी करंट तुटत नव्हता, आणि करंट तुटल्याशिवाय कॉइल स्पार्क देतच नाही. तेव्हापासून जुना पॉइंट काढताना वॉशर ज्या क्रमाने निघाले त्याच क्रमाने कापडावर मांडून ठेवतो.

वॉशर नीट बसवला, टॉप गिअर टाकून गाडी हळू ढकलली, पॉइंटची टाच कॅमच्या उंच टोकावर आणली आणि फिलर गेजने 0.45 मिमी गॅप ठेवला. टाचेला ग्रीसचा अगदी बारीक ठिपका, जास्त लावलं तर उडून पॉइंटवर येतं. गॅप बदलला की टायमिंग (स्पार्क पडायची वेळ) पण सरकतं, गॅप वाढला तर स्पार्क लवकर पडतो, म्हणून टायमिंग नेहमी नंतर बघायचं.

आता स्पार्क आला, पण पिवळा. गाडीचा मूळ फॉल्ट हा होता. काढलेले पॉइंट परत हातात घेतले तर एका बाजूला खड्डा, दुसऱ्या बाजूला टेकडी, कंडेन्सर (पॉइंट उघडताना त्यांच्यात ठिणगी पडू न देणारा छोटा डबा) गेल्याची ही खूण मला तेव्हा कळायला हवी होती. कंडेन्सर बदलल्यावर निळा कडक स्पार्क आला.

बाकी थोडक्यात. गाडी गार असताना मस्त आणि घाटात गरम झाल्यावर बंद, अर्ध्या तासाने परत चालू, असं असेल तर कॉइलवर संशय घ्या आणि ती गरम असतानाच तपासा, गार झाल्यावर मीटर सगळं बरोबर दाखवतो. पावसाळ्यात सकाळी मिसिंग (इंजिन मधेच झटके घेणं) असेल तर कॅप काढून आतून कोरडी पुसा, केसासारखी काळी रेघ दिसली की ती कॅप गेली. कॅपच्या आतला मधला कार्बन स्प्रिंगवर खाली-वर होतोय ना तेही बघा. प्लगच्या वायरी काढायच्या आधी नंबर टाका, फायरिंग ऑर्डर (सिलिंडरना स्पार्क मिळायचा क्रम) 1-3-4-2. आणि इंजिन बंद असताना चावी ऑन ठेवून चहाला जाऊ नका, पॉइंट मिटलेले असले तर कॉइल तापून जाते.

त्या दिवशी संध्याकाळी चोक ओढला आणि दुसऱ्या सेल्फला गाडी लागली. मिस्त्रींनी आयडल खाली केला, बॉनेटवर हात ठेवून दोन मिनिटं ऐकत उभे राहिले, आणि टेस्ट लॅम्प माझ्या टूलबॉक्समध्ये टाकून दिला.