सुपरचार्जरचा आवाज: आधी बेल्ट काढा, मग निदान करा

ठाणे-नवी मुंबईत सुपरचार्जरची (बेल्टवर फिरून इंजिनात जास्त हवा कोंबणाऱ्या पंपाची) गाडी म्हणजे बहुधा सेकंडहँड घेतलेली मर्सिडीज सी २०० कॉम्प्रेसर. नाहीतर जुनी ऑडी ३.० टीएफएसआय (नावात ‘टी’ असला तरी त्या व्ही६ला टर्बो नाही, सुपरचार्जरच आहे), किंवा जग्वार-रेंज रोव्हरचं सुपरचार्ज्ड पेट्रोल इंजिन. बोनेटखालून खडखड यायला लागली की ‘युनिट गेलं, अख्खं बदला’ असं सहज सांगितलं जातं. प्रत्यक्षात आवाजाचं मूळ कित्येकदा एखाद्या आयडलर पुलीत (बेल्टला नुसती वाट देणाऱ्या चाकात), तळहातावर मावेल अशा नायलॉनच्या कपलरमध्ये किंवा पुढच्या नाकातल्या बेअरिंगमध्ये असतं. ही तिन्ही कामं बऱ्याच गाड्यांत, बहुतांशी घरी जमण्यासारखी आहेत. त्यापुढची नाहीत, आणि ती रेघ कुठे आहे ते खाली येईलच.

आधी आत काय आहे ते डोळ्यांसमोर आणा. इंजिनाचा बेल्ट पुली फिरवतो. पुलीचा शाफ्ट एका लांबट नाकातून आत जातो आणि तिथल्या बेअरिंगवर फिरतो. शाफ्टच्या दुसऱ्या टोकाला कपलर (दोन्हीकडच्या पिना ज्याच्या भोकांत बसतात तो जोड), कपलरच्या पलीकडे दोन टायमिंग गिअर आणि त्या गिअरवर दोन पिळाचे रोटर. ईटन या कंपनीच्या सुपरचार्जरच्या एम मालिकेत प्रत्येक रोटरला तीन पाकळ्या असतात, नंतरच्या टीव्हीएस मालिकेत चार. रोटर एकमेकांना कधीच टेकत नाहीत. केसाएवढ्या फटीतून एकमेकांना चुकवत फिरतात. ही फट गिअर सांभाळतात. गिअर स्वतःच्या वेगळ्या तेलात बुडालेले असतात, त्या तेलाचा इंजिन ऑइलशी काही संबंध नसतो. सुपरचार्जर इंजिनाच्या साधारण दुप्पट वेगाने फिरतो, म्हणजे इंजिन ६,००० आरपीएमवर असेल तेव्हा आत १२,००० किंवा त्याहून जास्त. एवढ्या वेगाला आठवड्याभरापूर्वीची किरकिर आज घरघर होते, म्हणून काम पुढे ढकलू नका.

कोणता आवाज कशाचा

ॲक्सिलरेटर दाबल्यावर वेगाबरोबर चढत जाणारी ‘व्ह्ँsss’ अशी स्वच्छ तान हा दोष नाही, या जातीच्या सुपरचार्जरचा तो स्वभाव आहे. नवीन मालक यालाच घाबरतात.

आयडलिंगला डब्यात गोट्या हलवल्यासारखी खडखड येते, थोडी रेस दिली की गायब होते, आणि एसी चालू करून इंजिनावर भार आला की बदलते: हा कपलर. आयडलिंगला इंजिन एकसारखं फिरत नाही, प्रत्येक सिलिंडरच्या ठोक्याला बारीक झटका देतं. झिजलेल्या कपलरच्या भोकांत पिना त्या झटक्यांनी पुढेमागे आपटतात. रेस दिली की भार एकाच बाजूने राहतो, म्हणून आवाज थांबतो. घोडबंदर रोडच्या सिग्नलला पाच-पाच मिनिटं उभ्या राहणाऱ्या गाडीत हा आवाज लवकर लक्षात येतो.

वेगाबरोबर वाढणारी, कुठेच न थांबणारी कोरडी घरघर म्हणजे बेअरिंग. पुढचं की मागचं ते स्टेथोस्कोप सांगतो. चिवचिव, तीही थंड इंजिनावर किंवा पावसाळी सकाळी, म्हणजे बेल्ट किंवा टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारा भाग). बारीक शिट्टी किंवा फुसफुस असेल तर हवेची गळती: फाटलेली होज, बसलेली गॅस्केट, ठिसूळ झालेली ब्रीदर नळी. हलक्या रेसवर टकटक येत असेल तर बायपास झडपेच्या (जास्तीची हवा परत वळवणारी झडप) बुशमध्ये प्ले, म्हणजे ढिलेपणा, आलाय.

आणि धातूवर धातू घासल्याचा खरखरीत आवाज आला तर इंजिन बंद करा. रोटर टेकलेत. गाडी टोइंग करूनच हलवा, कारण त्या भुग्याचा रस्ता थेट इनटेकमधून सिलिंडरकडे जातो.

एक सापळा लक्षात ठेवा. सी २०० कॉम्प्रेसरच्या एम२७१ इंजिनात टायमिंग चेन ताणली जाणं हे जुनं दुखणं आहे. थंड इंजिन चालू केल्यावर पहिले काही सेकंद येऊन थांबणारी खडखड ही चेनची असू शकते. तिच्यासाठी सुपरचार्जर खोलून काहीच हाती लागणार नाही, आणि चेन दुर्लक्षित राहिली तर इंजिनच जाईल.

बेल्ट काढून ऐकणं

गाडी मोकळ्या हवेत आणा. बेसमेंट किंवा पोडियम पार्किंगमध्ये इंजिन चालू ठेवून आवाज ऐकत बसू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. बाह्या गुंडाळा, ओढणी-मफलर काढून ठेवा.

आधी बेल्टसकट चालू इंजिनावर मेकॅनिकचा स्टेथोस्कोप लावून ऐका. तो नसेल तर लांब स्क्रू ड्रायव्हरची मूठ कानामागच्या हाडाला टेकवा आणि टोक एकेका आयडलरच्या मधल्या बोल्टवर, ऑल्टरनेटरच्या बॉडीवर, सुपरचार्जरच्या नाकावर, मग त्याच्या मागच्या झाकणावर ठेवा. फिरणाऱ्या पुलीला टोक लागू देऊ नका. जिथे आवाज कानात ‘टोचतो’, तिथे खूण करा.

मग इंजिन बंद करून थंड होऊ द्या. बेल्टच्या वाटेचा फोटो काढा (परत चढवताना त्याच्यावाचून अडतं), टेन्शनर लांब दांड्याच्या पान्याने सैल करून बेल्ट उतरवा. इंजिन पुन्हा चालू करा, पण ३०-४० सेकंदच: या गाड्यांत पाण्याचा पंपही बहुधा त्याच बेल्टवर असतो. बॅटरीचा दिवा लागेल, लागू द्या. आवाज तसाच राहिला तर तो इंजिनाच्या आतला आहे, सुपरचार्जर निर्दोष. आवाज गेला तर बेल्टवरच्या कुठल्या तरी पुलीचा आहे.

आता बंद इंजिनावर एकेक पुली हाताने फिरवा. चांगली आयडलर पुली गुपचूप फिरते आणि एक-दोन फेऱ्यांत थांबते. सुक्या बेअरिंगची पुली भिंगरीसारखी फिरतच राहते (ग्रीस संपलंय), आणि गंजलेली बोटांना खडी लागल्यासारखी जाणवते. खाडीची दमट, खारट हवा आणि चार महिने उघड्यावर भिजत उभी राहिलेली गाडी हे आयडलर बेअरिंग जायला पुरेसं आहे. पावसाळ्यानंतर सुरू झालेल्या आवाजात पहिला संशय इथेच घ्या.

शेवटी सुपरचार्जरची पुली. वर-खाली आणि आत-बाहेर हलवून पाहा: हाताला जाणवेल असा प्ले असेल तर नाकातलं बेअरिंग गेलं. मग पुली डावी-उजवीकडे हलकेच फिरवा. किंचित मोकळीक चालते. मोठी पोकळ जागा आणि दोन्ही टोकांना ‘टक्’ असेल तर कपलर. ऑडीच्या काही मॉडेलांत पुलीला इलेक्ट्रोमॅग्नेटिक क्लच असतो, तिथे फक्त पुली फिरेल आणि आतला शाफ्ट थांबलेला असेल. म्हणून शाफ्टच्या टोकाची प्लेट फिरवून पाहा.

कपलर बदलणं

सी २०० कॉम्प्रेसरसारख्या, इंजिनाच्या बाजूला लटकलेल्या युनिटला हे काम एका रविवारचं. ऑडी आणि जग्वारमध्ये युनिट सिलिंडरांच्या दोन रांगांच्या मध्ये बसतं, सोबत इंटरकूलरचं पाणीही काढावं लागतं. पहिल्यांदाच हात घालत असाल तर ते घरी काढू नका.

बॅटरीची निगेटिव्ह काढा. हवेचे पाइप आणि बायपासची जोडणी सोडवा, बोल्ट काढताना पुठ्ठ्यावर युनिटचं चित्र काढून प्रत्येक बोल्ट त्याच्या जागी खोचा, कारण त्यांच्या लांबी सारख्या नसतात. युनिट उतरलं की इंजिनाचं उघडं तोंड लगेच स्वच्छ कापड आणि टेपने बंद करा. तिथे पडलेला एक नट सुपरचार्जरपेक्षा महाग पडतो.

युनिट नाक वर करून उभं धरा, तेलाचा प्लग काढा आणि सिरिंजला बारीक नळी लावून तेल ओढा. किती मिली निघालं ते लिहून ठेवा. चांगलं तेल पातळ मधासारखं दिसतं. जुन्याला कुजकट दर्प असतो, तो हातांना दिवसभर राहतो, त्यामुळे हातमोजे घाला. तेल पांढऱ्या बशीत ओतून तिरप्या उजेडात बघा. काळपटपणा चालेल. चमचमणारे कण दिसले तर बशीखालून चुंबक फिरवा: कण चुंबकामागे सरकले तर ते पोलाद आहे, म्हणजे बेअरिंग किंवा गिअर झिजतोय, आणि नुसता कपलर बदलून भागणार नाही.

नाकाचे बोल्ट काढल्यावर ते सीलंटने चिकटलेलं असेल. नायलॉन हातोडीने कडेच्या कानांवर चहूबाजूंनी हलके ठोके द्या. दोन पृष्ठांच्या मध्ये स्क्रू ड्रायव्हर खुपसू नका. ॲल्युमिनियमवर पडलेला एक ओरखडा पुढे कायम तेल गाळतो. नाक सुटलं की कपलर समोर दिसतो. त्याची भोकं गोलाऐवजी लांबट झालेली असतील. काही युनिटमध्ये स्प्रिंगचा कपलर असतो, तिथे स्प्रिंगने शाफ्टवर कोरलेली खाच शोधा. नवा कपलर पिनांवर हाताने, हलक्या दाबाने बसला पाहिजे. ठोकून बसवावा लागत असेल तर भाग चुकीचा आहे.

नाकातली बेअरिंग

हे काम अर्धं घरी, अर्धं प्रेसवर. पुली शाफ्टवर दाबून बसवलेली असते. काढण्याआधी पुलीच्या कडेपासून नाकाच्या पृष्ठापर्यंतचं अंतर व्हर्निअरने तीन ठिकाणी मोजून लिहा. परत बसवताना एक मिलिमीटर जरी चुकला तरी बेल्ट तिरका चालतो, आणि मग नवीच चिवचिव सुरू होते. साधा तीन पायांचा पुल्लर पुलीची कड तोडतो. मधल्या हबला पकडणारा पुल्लर हवा. तो नसेल तर नाक उचलून वागळे इस्टेट किंवा तुर्भे एमआयडीसीतल्या हायड्रॉलिक प्रेस असलेल्या लेथवाल्याकडे न्या, आणि मोजलेलं अंतर कागदावर लिहून त्याच्या हातात द्या.

बेअरिंग विकत घेताना नुसता आकडा सांगू नका, अक्षरांसकट पूर्ण क्रमांक वाचून तोच मागा. उदाहरण म्हणून ६२०३ घ्या: आतलं भोक १७ मिमी, बाहेरचा व्यास ४० मिमी, जाडी १२ मिमी. यातल्या रबर सीलच्या २आरएस प्रकाराची वेगमर्यादा साधारण १२,००० आरपीएम, तर पत्र्याच्या झाकणाच्या २झेड प्रकाराची १९,०००च्या आसपास. माप एकच, पण वरचा १२,०००चा हिशोब आठवा म्हणजे फरक कळेल. मुंबईतल्या नागदेवी स्ट्रीटला सगळी मापं मिळतात, नकली मालही मिळतो. शिक्का धूसर असेल किंवा खोका चुरगळलेला असेल तर सोडून द्या.

बसवताना एकच नियम: नाकातल्या खोबणीत दाबताना बाहेरच्या कड्यावर जोर, शाफ्टवर दाबताना आतल्या कड्यावर. उलटं केलं तर गोळ्यांचे ठसे कड्यांवर उमटतात आणि नवं बेअरिंग पहिल्या दिवसापासून गुरगुरतं. ऑइल सील नवीनच घाला, तिच्या ओठाला तेलाचं बोट लावून.

बंद करणं आणि तेल

दोन्ही पृष्ठं प्लास्टिकच्या पट्टीने खरवडून आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. ॲनारोबिक सीलंटची (लॉक्टाइट ५१८ सारख्या) दोऱ्याएवढी धार पुरे. साधा सिलिकॉन जाड लावला तर आतल्या बाजूला फुगलेला तुकडा तुटून गिअरमध्ये फिरतो. बोल्ट आमनेसामने, दोन टप्प्यांत, मॅन्युअलमधल्या टॉर्कवर आवळा. ॲल्युमिनियमचे आटे एकदा गेले की हेलिकॉइल (गेलेल्या आट्यांच्या जागी बसवायची तारेची गुंडाळी) शोधत फिरावं लागतं.

तेल सुपरचार्जरचंच सिंथेटिक घाला. जीएमचं तेल ११८ मिलीच्या छोट्या बाटलीत येतं. इंजिन ऑइल किंवा गिअर ऑइल या वेगाला फेसाळतं आणि गिअर कोरडे पडतात. युनिट थंड आणि गाडीत बसतं तसं आडवं ठेवून प्लगच्या भोकाच्या खालच्या कडेपर्यंतच भरा. जिथे पातळीचा प्लग नाही, तिथे मॅन्युअलमधला आकडा सिरिंजने मोजून घाला. ‘जरा जास्त असू दे’ इथे चालत नाही: जास्त तेल तापतं, दाब वाढतो आणि नवी सील बाहेर ढकलली जाते. काढलेलं तेल बाटलीत भरून जुनं ऑइल जमा करणाऱ्या गॅरेजला द्या. सोसायटीच्या गटारातून ते थेट खाडीत जातं.

आता ती रेघ. टायमिंग गिअर काढू नका. ते शाफ्टवर दाबून, रोटरांची फट जुळवून बसवलेले असतात, आणि ती जुळणी घरच्या हत्यारांनी परत येत नाही. मागच्या टोकाची नीडल बेअरिंग बदलायला रोटर बाहेर काढावे लागतात, म्हणून तेही काम सुपरचार्जर रीबिल्ड करणाऱ्याचंच. रोटरवरचा थर पॉलिश पेपरने ‘साफ’ करायचा मोह टाळा, फट वाढून बूस्ट (हवेचा वाढीव दाब) कमी होतो.

युनिट चढवल्यावर इनटेकच्या गॅस्केट नव्या घाला, फोटो बघून बेल्ट चढवा, आयडलिंगला पाच मिनिटं ठेवा आणि नाकाच्या सांध्याभोवती टिश्यू फिरवून गळती बघा. नंतर एसी चालू करून पुन्हा ऐका. मग एखाद्या उड्डाणपुलाच्या चढावर तिसऱ्या गिअरमध्ये हळूहळू रेस देत न्या, म्हणजे बूस्ट चढताना शिट्टी येते का ते कळेल. ५०० किलोमीटरनंतर तेलाची पातळी थंड इंजिनावर परत पाहा.

कपलर नवा असूनही काही दिवसांत आयडलिंगची खडखड परतली, तर दोष बहुधा पिनांचा असतो. जुन्या कपलरने त्यांना बारीक खळगा पाडलेला असतो आणि नवा नायलॉन त्याच कडेवर कातला जातो. नाक उघडं असतानाच प्रत्येक पिनेवरून नख फिरवून बघा. नख अडकलं तर पिनाही बदलायच्या.