मोठे टायर टाकायचेत? मग एक्सल आणि गिअर रेशोच्या या चुका टाळा

सोलापुरात हल्ली ज्याच्याकडं जुनी जीप नाहीतर थार आहे त्याला मोठे टायर पाहिजेत. टाका की, माझं काही म्हणणं नाही, मलाही भारी दिसतात. पण आधी टायर घ्यायचे, फोटो टाकायचे, आणि महिन्याभरानं गॅरेजला येऊन "पिकअप गेला ओ गाडीचा, जरा पंप बघा" म्हणायचं, हे ऐकून ऐकून कान किटलेत. पंपाला काही झालेलं नसतंय, नोझलला पण नाही. टायर मोठा झाला आणि क्राऊन-पिनियन (एक्सलमधली चाकं फिरवणारी दातांची जोडी, पिनियन छोटं आणि क्राऊन मोठा) तेच राहिलं, एवढीच भानगड असते. तुळजापूरचा घाट आला की तिसऱ्यात टाकावी लागते, क्लच जळाल्याचा वास येतो आणि पाचवा गिअर नुसता शोभेला उरतो.

पहिली चूक म्हणजे हिशोबच न करणं. पाचवीतल्या पोराला येईल असा हिशोब आहे. समजा टायर २३५/७० आर १६ आहे. २३५ चे ७० टक्के म्हणजे १६४.५, ही एका बाजूची उंची, वरची खालची मिळून ३२९, त्यात १६ इंची रिमचे ४०६ मिळवा, टायर झाला ७३५ मिलिमीटरचा. आता तुम्ही २८५/७५ आर १६ टाकला तर तो भरतो ८३४ चा, म्हणजे साधारण १३ टक्के मोठा. मग रेशो, म्हणजे क्राऊनच्या एका फेऱ्याला पिनियन किती फेरे घेतं तो आकडा, तो पण तेवढाच वाढला पाहिजे. आधी ४.१० असेल तर ४.६५ च्या आसपास पाहिजे. नेमका तसला मिळेलच असं नाही, जवळचा ४.५६ मिळतो, म्हणजे क्राऊनला ४१ दात आणि पिनियनला ९. त्याच्या वरचा ४.८८. हायवेला जास्त पळणाऱ्याला मी ४.५६ सांगतो आणि घाटात, रानात, माल भरून जाणाऱ्याला ४.८८.

इंजिनला काय फरक पडतो ते बघा. ८० च्या खऱ्या स्पीडला डायरेक्ट गिअरात (जिथं गिअरबॉक्स इंजिनचे फेरे जसेच्या तसे पुढं देतो) जुन्या टायरवर इंजिन मिनिटाला २३५० फेऱ्यांच्या आसपास फिरत होतं, मोठ्या टायरवर तेच २१०० च्या खाली आलं, आणि ४.५६ टाकल्यावर परत २३०० च्या वर गेलं. वरच्या ओव्हरड्राइव्हच्या गिअरात (जिथं इंजिन प्रॉपेलरपेक्षा कमी फिरतं, प्रॉपेलर म्हणजे एक्सलकडं जाणारा लांब दांडा) तर याहून खाली, टर्बोचा दम सुरू व्हायच्या आतच, मग गाडी ओढणार कशी?

मीटरचं पण तसंच. मीटर ८० दाखवतो तेव्हा तुम्ही ९० नं चाललेला असता, पुणे हायवेला कॅमेऱ्यानं पकडलं की मग माझ्याकडं येऊन भांडू नका. आणि "ॲव्हरेज पडलं" म्हणून रडणाऱ्यांचं अर्ध रडणं यातच असतं, कारण किलोमीटरच कमी मोजले जातात. जुन्या गाडीत मीटरची केबल ट्रान्सफर केसमधनं (पुढच्या-मागच्या एक्सलला ओढ वाटून देणारी पेटी) निघते, तिथं एक्सलचा रेशो बदलला की मीटर पण बऱ्यापैकी जाग्यावर येतो. चाकाच्या सेन्सरवर चालणाऱ्या नव्या गाडीत येत नाही, तिथं वेगळी सेटिंग करावी लागते.

आता माझी सगळ्यात नावडती चूक. फोर बाय फोर गाडीला फक्त मागचा रेशो बदलणं. "पुढचा लागतोय कधी? वर्षातनं चार वेळा" हे लॉजिक. मोहोळकडचा एक पोरगा, घरचा ऊस, जुनी जीप, हौसेनं एकदम मोठे टायर घातलेले. जीपला पुढं-मागं दोन्हीकडं ४.८८ होतं. त्याला कुणीतरी भंगारातनं ५.३८ चं मागचं हाउसिंग (एक्सलची बाहेरची पेटी) आख्खं बसवून दिलं, स्वस्तात काम झालं, रोडला गाडी मस्त पळायला लागली, पोरगं खूश. पावसाळ्यात काळ्या रानात चाकं रुतली म्हणून फोर बाय फोर टाकला, गाडी निघाली पण बाहेर, चिखलात चाकं घसरतात म्हणून काही कळलं नाही. तिथनं तसाच लिव्हर न काढता हा गडी डांबरीवर आला.

आता बघा, पुढचा-मागचा प्रॉपेलर ट्रान्सफर केसमध्ये एकमेकांना बांधलेला, दोघं सारखेच फिरणार. पण रेशो वेगळा म्हणून मागची चाकं १०० मीटर जातात तेवढ्यात पुढच्यांना ११० मीटर जायचंय. डांबर घसरू देत नाही. मग तो सगळा पीळ प्रॉपेलर, क्रॉस (दांड्याच्या सांध्यातला जोड) आणि ट्रान्सफर केसच्या गिअरवर चढत जातो. थोड्याच अंतरावर गाडी जड झाली, टायर कुईकुई करायला लागले, आणि लिव्हर काही केल्या बाहेर येईना. फोनवर मला म्हणतो, "काय तर अडकलंय ओ, हातोडा मारू का?" म्हटलं हातोडा ठेव बाजूला, आधी रिव्हर्स घे सरळ. रिव्हर्सला पण पीळ सुटला नाही, कारण तोपर्यंत आत एका गिअरचा दात उडून मध्ये बसला होता. मी जाऊन पुढचं एक चाक जॅकवर उचललं तर जमीन सुटल्या सुटल्या चाकानं असा काही झटका दिला की जवळ हात असता तर मनगट गेलं असतं. ट्रान्सफर केस उघडली तर खालचं तेल चांदीसारखं चमकत होतं. वाचवलेले पैसे त्यात गेले आणि वर पुढचा रेशो बदलायचाच राहिला तो राहिलाच.

तर पुढं-मागं रेशो एकच. फोर बाय फोर ट्रॅक्टरला पण हीच भानगड आहे बरं का, तिथं पुढचं चाक मुद्दाम किंचित पुढं धावेल असंच कंपनीनं धरलेलं असतं, फक्त मागचे टायर मोठे केले की ते गणित मोडतं. हंगामात कारखान्याच्या रोडला असले ट्रॅक्टर दिसतात.

रेशो काय आहे ते मोजून बघा, कुणाच्या तोंडावर विश्वास नको. जुन्या गाड्यांत इतके हात फिरलेले असतात की कागदावरचं आणि हाउसिंगमधलं जुळेलच असं नाही. मी असं करतो, गाडी न्यूट्रल, पुढच्या चाकांना दगड, मागचं एकच चाक वर, घोडीवर, हँडब्रेक सोडलेला. प्रॉपेलरला आणि टायरला खडूची खूण. उचललेलं चाक दोन पूर्ण फेरे फिरवायचं, तेवढ्यात प्रॉपेलर जितके फेरे घेईल तो रेशो. पण दोन फेऱ्यात ४.१० का ४.२७ हे डोळ्याला कळत नाही, म्हणून चाक वीस फेरे फिरवा, मग ४१ का पावणे त्रेचाळीस लगेच दिसतं. पाठ दुखते, दुखू द्या.

दुसरी मोठी चूक, क्राऊन एकाचा आणि पिनियन दुसऱ्याचा. दात मोजून जुळतात म्हणजे जोडी झाली असं नसतं ओ. कारखान्यात ही दोघं एकमेकांवर घासून तयार केलेली असतात, दोघांवर जुळणारा नंबर मारलेला असतो. मार्केट यार्डाला कांदा आणणारी एक पिकअप माझ्याकडं आली होती, साठला गेलं की मागनं भोंग्यासारखा आवाज. आधीच्या मिस्त्रीनं आवाज दाबायला जाडं तेल भरून दिलेलं. दोन्ही नंबर वेगळे! असल्याला काही इलाज नाही, जोडी नवीन घ्यायची.

आणि जोडी नवीन असली तरी दात एकमेकांना कुठं टेकतात ती खूण बघितल्याशिवाय कव्हर लावायचं नाही. पूर्वीचे मिस्त्री शेंदूर तेलात कालवून दाताला लावायचे, आता ब्लूची ट्यूब मिळते, तीच वापरा, शेंदरात शिसं असतंय. क्राऊन फिरवून खूण बघा. दाताच्या मुळाशी आली तर पिनियन जास्त आत गेलंय, वरच्या कडेला आली तर कमी गेलंय, शिम (मध्ये घालायच्या पातळ चकत्या) बदला, परत बसवा, परत बघा. बॅकलॅश, म्हणजे दोघांच्या दातांमधली मोकळीक, डायल गेजनं, साधारण ०.१५ ते ०.२५ मिलिमीटर, तुमच्या गाडीच्या पुस्तकात वेगळा असेल तर तो. अंगठ्यानं हलवून "बरोबर आहे" म्हणणारे मला माहितीयत. या कामाला माझा अख्खा दिवस जातो, आणि दोन तासात करून देतो म्हणणारा भेटला तर त्याच्याकडंच जा, नंतर या. पिनियनची क्रश स्लीव्ह (नट आवळला की दबणारी नळी) जुनी परत वापरायची नाही, आणि नट जास्त आवळला गेला तर ढिला करून भागत नाही, स्लीव्ह नवीनच.

रेशो घ्यायच्या आधी आतला कॅरिअर (क्राऊन ज्यावर बसतो तो भाग) पण बघा. डाना ४४ या एक्सलला ३.७३ पर्यंत एक कॅरिअर आणि ३.९२ पासून पुढं दुसरा. चुकीच्यावर ४.५६ बसवलं की क्राऊन पिनियनपर्यंत पोचतच नाही, बसा शिम घालत.

एक्सलचं थोडक्यात सांगतो. जीप आणि बऱ्याच पिकअपला सेमी फ्लोटिंग असतो, म्हणजे गाडीचं वजन पण शाफ्टवर आणि ओढ पण शाफ्टवर, तुटला की चाकच निघायला बसतं. ट्रकला फुल फ्लोटिंग, वजन हाउसिंगवरच्या बेअरिंगवर, शाफ्ट फक्त फिरवतो, तुटला तरी चाक जाग्यावर. जड माल आणि ३३ इंची टायर दोन्ही पाहिजे असेल तर आधी एक्सलचे पैसे बाजूला काढा. नाहीतर ३१ वर थांबा, काही बिघडत नाही. आणि रेशोचा आकडा जितका मोठा तितकं पिनियन बारीक आणि नाजूक, "सगळ्यात मोठा द्या" हे मागणं नवशिक्याचं.

बाकी पटापट. डिफ (वळणाला दोन्ही चाकांना वेगवेगळं फिरू देणारी गिअरची जुळणी) वेल्ड करून रोडला चालवू नका, वळणाला टायर आणि शाफ्ट दोन्ही खातो. स्पेसर घालून चाक बाहेर काढलं की बेअरिंग रडतं. स्टेपनी त्याच साइजची. स्टिअरिंग पूर्ण वळवून चिखलात ॲक्सिलरेटर दाबू नका, पुढचे क्रॉस तिथंच तुटतात. ब्रेक आधीच्यापेक्षा लांब लागणार हे धरून चाला. कंपनीनं मंजूर केलेल्यापेक्षा वेगळे बदल केले तर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, पासिंगला अडकलात तर आरटीओला शिव्या देऊ नका.

डिफचं तेल जीएल-५ दर्जाचंच. गिअरबॉक्ससाठी आणलेलं जीएल-४ उरलंय म्हणून डिफमध्ये ओतायचं नाही. नवीन जोडी बसवल्यावर पहिल्यांदा पंचवीस-तीस किलोमीटर हळू चालवा, मग थांबून हाउसिंग पूर्ण गार होऊ द्या, इकडच्या उन्हाळ्यात तर दुपारी हे कामच नको. आठशे किलोमीटरपर्यंत ट्रॉली ओढायची नाही, आणि आठशेला तेल बदलायचं. तेल काढताना खाली स्वच्छ ट्रे धरा, चुंबकाला राखाडी लगदा चिकटला असेल तर ठीक आहे, नखाएवढा जरी तुकडा दिसला तर गाडी तिथंच ठेवा आणि कव्हर उघडा.