दोन दोलक आणि मधली स्प्रिंग: चिन्ह न चुकवता समीकरणं कशी मांडायची

युग्मित, म्हणजे स्प्रिंगने एकमेकांना जोडलेल्या, दोलकांचं गणित बहुतेकांचं एकाच जागी अडतं: मधल्या स्प्रिंगचं चिन्ह. पुढची सगळी बीजगणिताची खटपट बिनचूक केली, तरी तिथे उणेचं अधिक झालं की उत्तर गेलं.

सुरुवात आकृतीपासून करा. डावी भिंत, स्प्रिंग, गाडी, मधली स्प्रिंग, दुसरी गाडी, स्प्रिंग, उजवी भिंत. दोन्ही गाड्यांचं वस्तुमान म, कडेच्या स्प्रिंगांचा स्थिरांक क, मधलीचा ज. विस्थापनं य१ आणि य२, प्रत्येक आपापल्या समतोल स्थितीपासून मोजलेलं आणि दोन्ही उजवीकडे धन. दुसरी गाडी डावीकडे जाईल असं मनात धरून तिच्यापुरती दिशा उलटी घ्यायचा मोह होतो. तो टाळा, कारण चिन्हांचा घोळ तिथूनच सुरू होतो.

आता बल लिहायची घाई नको. आधी मधली स्प्रिंग किती ताणली गेली ते लिहा: य२ − य१. धन आलं तर ताणलेली, ऋण आलं तर दबलेली. ताणलेली स्प्रिंग पहिल्या गाडीला उजवीकडे ओढते आणि दुसरीला डावीकडे. म्हणून पहिलीवर +ज(य२ − य१), दुसरीवर −ज(य२ − य१). स्प्रिंग दबलेली असेल तर चिन्हं आपोआप उलटतात, त्यासाठी वेगळा विचार करावा लागत नाही. त्वरणं त१, त२ धरली तर:

म·त१ = −(क + ज)·य१ + ज·य२
म·त२ = ज·य१ − (क + ज)·य२

पुढे जाण्याआधी दोन गोष्टी तपासा. तिरपे सहगुणक, म्हणजे पहिल्या समीकरणात य२ चा आणि दुसऱ्यात य१ चा, सारखेच हवेत. इथे दोन्हीकडे +ज आहे. आणि य१ = य२ ठेवलं की ज पूर्ण उडायला हवा, कारण मधली स्प्रिंग ताणलेलीच नाही. यांतलं एक जरी जुळलं नाही तर मागे फिरा. शंका उरलीच तर स्थितिज ऊर्जा लिहा: ½क·य१² + ½क·य२² + ½ज(य२ − य१)². य१ नुसार अवकलन करून उणे चिन्ह लावलं की पहिल्या गाडीवरचं बल मिळतं. वर्गात चिन्हाची चूक लपायला जागाच नसते.

सोडवणं सोपं आहे. समीकरणांची बेरीज केली की कोनीय वारंवारतेचा (तिला ओमेगा म्हणू) वर्ग क/म, वजाबाकी केली की (क + २ज)/म. म = ०.२ किलो, क = ५ आणि ज = १ न्यूटन प्रति मीटर घ्या. वारंवारता ५ आणि सुमारे ५.९२ रेडियन प्रति सेकंद, आवर्तकाळ १.२६ आणि १.०६ सेकंद. फक्त पहिली गाडी ओढून सोडली तर साधारण ३.४ सेकंदांनी ती जवळजवळ थांबते आणि दुसरी जोरात हलू लागते, ६.९ सेकंदांच्या सुमारास हालचाल पुन्हा पहिलीकडे. दुसरी गाडी हाताने घट्ट धरली तर पहिलीची वारंवारता √३०, म्हणजे ५.४८. ती दोन्ही उत्तरांच्या मध्येच पडायला हवी, आणि पडते.

प्रयोगात मोजलेला काळ गणितापेक्षा जरासा जास्त आला तर हिशेबातून सुटलेलं स्प्रिंगचं स्वतःचं वस्तुमान आठवा. रचना उभी टांगली तर गुरुत्व फक्त समतोल स्थिती खाली सरकवतं. य तिथूनच मोजल्यामुळे समीकरणात ते दिसत नाही.

बेरीज-वजाबाकीची युक्ती दोन्ही बाजू सारख्या असतील तरच चालते. वस्तुमानं म१, म२ अशी वेगळी असतील तर दोघांचंही विस्थापन एकाच वारंवारतेचं धरा आणि य१, य२ च्या सहगुणकांचा निश्चयक (डिटरमिनंट) शून्य करा:

(क + ज − म१·ओमेगा²)(क + ज − म२·ओमेगा²) = ज²

इथे म१ = म२ ठेवून वरची दोन उत्तरं परत मिळतात का, तेही बघा.

आता कडेच्या भिंती काढून टाका, म्हणजे क = ०. ठाणे–वाशी लोकलचे एकमेकांना जोडलेले दोन डबे समजा. मोटर आणि घर्षण बाजूला ठेवा. बेरजेचं समीकरण त१ + त२ = ० एवढंच उरतं. त्यात दोलन नाही, जोडी आहे त्या वेगाने वाशीकडे सरकत राहते. वजाबाकीत मात्र ओमेगा² = २ज/म शिल्लक असतं: ऐरोलीला ब्रेक लागला की दोन डब्यांमध्ये बसणारा मागे-पुढे हिसका तो हाच. तेव्हा उत्तरात एक वारंवारता शून्य आली म्हणून गणित खोडू नका. भिंती नसल्या की ती यायलाच हवी.