पन्हळ ओसंडून वाहतेय? बदलायच्या आधी या चुका टाळा

पुण्यात सहकारनगरला आमचं जुनं बैठं घर आहे, गच्चीवर पत्र्याची शेड टाकलेली, आणि त्या शेडची पन्हळ सलग दोन पावसाळे ओसंडत होती. नुसतं ठिबकणं नाही, पाऊस वाढला की सगळं पाणी भिंतीवरून खाली, आणि खालच्या खोलीत सासूबाईंच्या कॉटमागे भिंतीला हात लावला तर रंगाचे पापुद्रे हातात यायचे. त्यांना आधीच दमा, त्यात तो ओलीचा वास. शेड करणाऱ्या माणसाला बोलावलं, तो खालूनच वर बघून म्हणाला, "ताई, पन्हळ बारीक पडतीये, चार इंचीची सहा इंची करून टाकू." केली. पुढच्या जूनमध्ये परत तेच.

शेवटी एका प्लंबरने खाली उतरणाऱ्या पाइपचा बेंड खोलला. आधी काळा गाळ भसकन खाली आला, मग गुलमोहराच्या बारीक पानांचा लगदा, कबुतरांच्या घरट्यातल्या काड्या, तारेचे तुकडे आणि या सगळ्याच्या मध्ये एक दुधाची पिशवी, पाइपात आडवी पसरून बसलेली. तेवढं निघाल्यावर वर एक बादली ओतली तर पाणी खाली धाडकन आलं.

म्हणून पहिली आणि सगळ्यात महाग चूक हीच, की पन्हळ ओसंडतेय म्हणजे दोष पन्हळीतच आहे असं धरून चालणं. पाणी दिसतं वर, अडलेलं असतं बरेचदा खाली. पैसे खर्च करायच्या आधी पाऊस चालू असताना छत्री घेऊन बाहेर जा आणि नुसतं बघा. रिमझिमीतसुद्धा ओसंडत असेल तर कुठेतरी चोकअप आहे, माप मोठं करून काही होणार नाही. फक्त धो-धो पडतो तेव्हाच ओसंडत असेल तर मापाचा विचार करा. आणि पाइपचं खालचं तोंड बघायला विसरू नका, वर पन्हळ काठोकाठ आणि खाली करंगळीएवढी धार, म्हणजे मधे पाइपातच अडलंय.

दुसरी चूक, साफसफाई वरवर करणं. आपण पन्हळीतली पानं काढतो, पिशवीत भरतो, काम झालं म्हणतो. पण हाताने पानं ओढताना निम्मा गाळ पाइपच्या तोंडाकडेच सरकतो, आणि वरून पाणी मारलं की तो आत जाऊन बेंडवर बसतो. आधी तोंडाला फडक्याचा बोळा लावा, गाळ खुरप्याने किंवा जुन्या उलथन्याने काढून घ्या, मग बोळा काढून पाणी सोडा (बोळा काढायला विसरलात तर काय होईल ते सांगायला नको).

आणि ही सफाई वर्षातून एकदा पुरत नाही. पुण्याचा पाऊस वर्षाला साधारण ७०० मिलिमीटरच्या आसपास, कोकणाच्या मानाने काहीच नाही, त्यामुळे आपल्याला वाटतं की इथे कशाला एवढी काळजी. पण इथला पाऊस पडतो कसा ते बघा. एप्रिल-मे मध्ये वळीव येतो तो वारा, धूळ, पानं, गुलमोहराच्या पाकळ्या सगळं पत्र्यावरून झाडून पन्हळीत आणून टाकतो. मग जून-जुलैत बराच काळ भुरभुर. आणि सप्टेंबर-ऑक्टोबरला परतीचा पाऊस तास-दोन तासात सगळी कसर भरून काढतो. २५ सप्टेंबर २०१९ ची रात्र आमच्या भागात कोणी विसरलेलं नाही, आंबिल ओढ्याला पूर आला ती. मे मध्ये साफ केलेली पन्हळ तोपर्यंत परत भरलेली असते. म्हणून एकदा वळीव होऊन गेल्यावर आणि एकदा गणपतीच्या आसपास, अशी दोनदा सफाई धरून चाला, घराला लागून झाड असेल तर मधे अजून एकदा.

आता माप. हिशोब अगदी सोपा आहे, एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. ३० बाय २० फुटांची शेड म्हणजे साधारण ५६ चौरस मीटर. पाव तासात २५ मिलिमीटर पडला तर १४०० लिटर पाणी, म्हणजे मिनिटाला नव्वदेक लिटर, एवढं त्या एका भोकातून जायला पाहिजे. भोक म्हणतेय कारण पन्हळ कितीही रुंद असली तरी पाणी जातं ते तिच्या तळाच्या भोकाएवढंच. आमच्याकडे दुसरी गोम हीच निघाली, पन्हळ सहा इंची, खालचा पाइप चार इंची, आणि दोघांच्या मधे पत्र्याला पाडलेलं भोक जेमतेम अडीच इंचाचं. जुन्या पन्हळीचं माप बघून पाडलं होतं आणि कोणी वर चढून बघितलंच नाही. भोक पाइपच्या मापाचं हवं, त्याच्याखाली छोटी पेटी करून मग पाइप जोडला तर अजून चांगलं. पाइपचं म्हणाल तर ७५ मिलिमीटर आणि ११० मिलिमीटर यात दुकानात थोडाच फरक दिसतो, पण आतली जागा दुपटीहून जास्त होते. आणि ४० फूट लांब पन्हळीला एका टोकाला एकच पाइप देऊ नका, दोन्ही टोकांना द्या नाहीतर मधे देऊन दोन्हीकडून उतार काढा. नंतर वाढवलेल्या शेडचं पाणी जुन्याच पन्हळीत सोडलं असेल तर हा हिशोब परत करा.

उताराची चूक लांबून दिसत नाही. पन्हळ दिसायला सरळ हवी म्हणून लेव्हलमध्ये मारतात, किंवा क्लॅम्प चार-पाच फुटांवर टाकतात आणि भरलेल्या पन्हळीच्या वजनाने मधे झोळ येतो. दहा फुटाला पाव ते अर्धा इंच उतार पुरतो आणि क्लॅम्प दोन-अडीच फुटांवर हवेत. कोरड्या दिवशी लांबच्या टोकाला बादलीभर पाणी ओता आणि दहा मिनिटांनी बघा, कुठे डबकं राहिलंय तिथे झोळ आहे. हे डबकं नुसतं पन्हळीला गंज आणत नाही, डेंग्यूचे डास अशाच साठलेल्या पाण्यात आठ-दहा दिवसांत तयार होतात, तेव्हा हे काम पुढच्या वर्षीवर ढकलू नका.

मग पत्र्याची कड. पत्रा पन्हळीत दोनेक इंच आला पाहिजे. जास्त पुढे असला तर जोराच्या पावसात पाणी पन्हळीवरून उडी मारून पलीकडे पडतं आणि आपण म्हणतो पन्हळ भरली. कमी असला तर पाणी पत्र्याच्या पोटाला चिकटून मागे भिंतीकडे येतं. वळचणीचं पाणी आढ्याला जात नाही म्हणतात ते खरं, पण पन्हळ तुंबली आणि तिची भिंतीकडची कड खाली असली तर पाणी पत्र्याखालून घरात नक्की येतं. पुढची कड मागच्यापेक्षा किंचित खाली ठेवा, ओसंडलंच तर बाहेर पडू दे, भिंतीवर नको.

जोड गळतोय म्हणून वर पुट्टी थापणं हेही सर्रास चालतं. पीव्हीसीची वीस फुटी पन्हळ मे महिन्याची दुपार आणि थंडीतली पहाट यात सेंटीमीटरभर लांब-आखूड होते, त्यामुळे कडक पुट्टी पहिल्याच वर्षी तडकते. जोड खोलून रबर बदला किंवा ताणलं जाणारं सीलंट लावा, तेही पूर्ण वाळलेल्या पन्हळीला.

जाळीचं सांगते. पन्हळीवर डासांची बारीक जाळी लावू नका, गुलमोहराची पानं आणि धूळ मिळून तिच्यावर असा थर बसतो की पाणी वरच्यावर वाहून जातं. फक्त तोंडावर तारेची घुमटासारखी उभी जाळी बसवा, कचरा खाली अडला तरी वरून पाणी जात राहतं.

हेच गच्चीवाल्यांना आणि टेरेस फ्लॅटवाल्यांना लागू आहे. तिथे सपाट जाळीवर एक मोठं पान बसलं तरी पुरतं. शिवाय दर काही वर्षांनी वॉटरप्रूफिंगचा नाहीतर चायना मोझॅकचा नवा थर चढतो, गच्ची वर येते आणि पाइपचं तोंड अरुंद होत जातं. काम चालू असताना स्वतः वर जाऊन तोंड मोकळं ठेवलंय का ते बघा. कठड्यातून तळापासून दोन-तीन इंच वर एक जादा पाइप बाहेर काढून घ्या, मुख्य तोंड तुंबलं तर गच्चीचं तळं होत नाही.

खाली पाइप कुठे सोडलाय? ड्रेनेजच्या चेंबरला जोडला असेल तर ते बंद करा, जोराच्या पावसात चेंबर भरलं की पाणी खाली जायचं थांबतं आणि घाण अंगणात येते. रेन वॉटर हार्वेस्टिंग केलं असेल तर फिल्टर धुवा, तो चोक झाला की वरची पन्हळ ओसंडते आणि कोणाच्या लक्षातच येत नाही.

चढताना एवढं कराच. ओल्या पत्र्यावर नाही, सिमेंटच्या पत्र्यावर तर फळी टाकल्याशिवाय पाय ठेवू नका, तो न सांगता फुटतो. शिडी खाली कोणीतरी धरायला हवी, आणि जवळून विजेची वायर जात असेल तर लोखंडी शिडी नकोच. कबुतरांची वाळलेली विष्ठा कोरडी झाडू नका, ती धूळ फुप्फुसाला वाईट, मास्क लावा आणि आधी पाणी शिंपडा.

आमच्याकडे आता साध्या बेंडच्या जागी डोअर बेंड आहे, झाकण उघडून पाच मिनिटांत आतला गाळ निघतो. जुलैतच पाणी भिंतीवर यायचं थांबलं. पण भिंत लगेच रंगवायला घेऊ नका, दिवाळीच्या घाईत ओल्या भिंतीवर रंग दिला की तो परत फुगतो. आम्ही सुटलेला रंग खरवडून कॉट पुढे ओढली, खिडकी उघडी ठेवली आणि जानेवारीपर्यंत थांबलो, रोज सासूबाईच हात लावून सांगायच्या किती वाळलीये ते.