झाडाफुलांचे रंग शिकताना: आधी कापड, मग फुलं

शिकायला येणाऱ्या प्रत्येकाला फुलं उकळायची घाई असते. मी मात्र आधी हातात मांजरपाट आणि धुण्याचा सोडा देते. कोऱ्या कापडात खळ असते, मेण असतं. सोड्याच्या पाण्यात तासभर उकळलं की खालचं पाणी चहासारखं होतं, तेव्हा पटतं. हे टाळलं तर रंग डागाडागांनी बसतो.

मग हिरडा. रंग कापडावर पक्का बसायला तुरटी लागते, पण सुती कापड नुसती तुरटी नीट धरत नाही. आधी टॅनिन, म्हणजे हिरड्यातलं तुरट द्रव्य, लागतं. 100 ग्रॅम कोरड्या कापडाला साधारण 20 ग्रॅम हिरड्याची पूड, कोमट पाण्यात रात्रभर. पिळून वाळवायचं आणि मग 15 ग्रॅम तुरटीच्या पाण्यात घालायचं. रेशीम आणि लोकर यांना थेट तुरटी चालते.

पहिला रंग झेंडूचा घ्या. दसऱ्याची उतरवलेली तोरणं सावलीत वाळवली की वर्षभराची बेगमी होते. कापडाच्या वजनाइतकी वाळकी फुलं उकळून गाळा, त्या पाण्यात कापड मंद आचेवर तासभर ढवळत राहा. पिवळा झालेला तुकडा हिराकशीच्या, म्हणजे लोखंडाच्या क्षाराच्या, पाण्यात बुडवला की डोळ्यांदेखत शेवाळी होतो. हिराकस चिमूटभरच, जास्त झाली तर सूत कमजोर होतं. आणि या कामाची भांडी परत स्वयंपाकघरात न्यायची नाहीत.

मंजिष्ठ, म्हणजे लाल रंग देणारी मुळी, काष्ठौषधींच्या दुकानात मिळते. तिला उकळी फुटू देऊ नका, लाल जाऊन तपकिरी उरतो. बोअरच्या जड पाण्यात ती उलट जास्त खुलते.

बिटाच्या नादी लागू नका, टिकत नाही. हळद दिसते झकास, पण उन्हात उडते आणि साबण लागला की लालसर होते. प्राजक्ताचे देठ हौसेच्या रुमालापुरते ठीक, विकायच्या साडीला नकोत.

रानातून आणताना पळसाची खाली पडलेली फुलं वेचा. बाभळीची साल उभ्या झाडाची सोलू नका, छाटलेल्या फांद्यांची चालते.

प्रत्येक रंगाचा तुकडा वहीत लावा. शेजारी वजनं, पाणी कुठलं, भांडं कुठलं. विकायचा विचार असेल तर तसाच दुसरा तुकडा अर्धा पुठ्ठ्याखाली झाकून पंधरा दिवस खिडकीत ठेवा. दोन्ही अर्धे सारखे राहिले, तरच गिऱ्हाइकाला भाव सांगा.