घाटात पळायचं घड्याळ घेताय? या चुका टाळा

आमच्या साताऱ्याच्या हिल मॅरेथॉनची तारीख जवळ आली की यवतेश्वरच्या घाटात पहाटे अंधारात टॉर्च लावून पळणारे वाढतात आणि माझ्या फोनवर घड्याळांचे स्क्रीनशॉट. "काका, सेलमध्ये आलंय, घेऊ का?" मी उलटं एकच विचारतो: कुठं पळणार आणि किती वेळ? त्याचं उत्तर सहसा येत नाही. "डिस्प्ले लई भारी आहे" हे मात्र येतं. वर्षानुवर्षं त्याच चुका बघून कंटाळा आला, म्हणून एकदाचं लिहून टाकतोय.

खोक्यावरचे दिवस वाचून बॅटरी ठरवणं

सगळ्यात महागात पडणारी चूक ही. खोक्यावर मोठ्या अक्षरात लिहिलेलं असतं, "१४ दिवस". हे चौदा दिवस म्हणजे घड्याळ मनगटावर, तुम्ही खुर्चीत, आणि अधूनमधून मेसेज बघणं. जीपीएस सुरू केलं की दिवस संपले, हिशेब तासांवर आला. त्या तासांचेही तीन-चार आकडे असतात: नुसतं जीपीएस चालू असताना वेगळा, ग्लोनास, गॅलिलिओ, बायडू अशा इतर देशांच्या सगळ्या उपग्रह यंत्रणा चालू असताना वेगळा, ड्युअल फ्रिक्वेन्सीवर (उपग्रहाचे दोन सिग्नल ऐकताना) आणखी वेगळा. जाहिरातीत त्यातला सगळ्यात मोठा येतो, बाकीचे वेबसाइटवर खाली बारीक अक्षरात. ते बारीक अक्षर वाचायला दोन मिनिटं लागतात, पण सेल रात्री बाराला संपणार असतो ना!

आमच्या ग्रुपमधल्या एका पोराची गोष्ट सांगतो. पावसाळ्यात साताऱ्याच्या बोगद्यातून निघून सज्जनगड फाटा, ठोसेघर आणि वर चाळकेवाडीचं पठार असा लांबचा पल्ला ठरला होता. वर पोचलो तर धुकं असं, की पवनचक्कीच्या बुडाशी उभं राहिलं तरी डोक्यावर फिरणारी पाती नुसती ऐकू येत होती, दिसत नव्हती. आम्ही जुनी खोडं डांबरी सोडायची नाही म्हणालो. ह्यानं मात्र कुणाची तरी जीपीएक्स फाइल, म्हणजे आखलेला रस्ता, घड्याळात भरून आणली होती, त्याला पठारावरचा कच्च्या रस्त्याचा फेरा मारायचाच होता. त्या पठारावर प्रत्येक पवनचक्कीला जायला वेगळा मुरमाचा रस्ता आहे आणि धुक्यात ते सगळे एकसारखे दिसतात.

आता त्याच्या घड्याळाचं काय चाललं होतं बघा. अॅमोलेड स्क्रीन सतत चालू. कानात गाणी, तीही घड्याळातूनच. सगळे उपग्रह चालू, नकाशा उघडा. आणि आदल्या रात्री झोप मोजायची म्हणून घड्याळ हातातच, चार्जिंगला लावलेलं नाही. फेऱ्याच्या मध्यावर स्क्रीन काळी झाली. फोन होता, पण रेंज नाही, आणि रस्ता फक्त घड्याळात.

आम्ही रस्त्याकडेच्या टपरीवर चहावर चहा घेत उभे. बऱ्याच वेळानं अनोळखी नंबरवरून फोन आला. "काका, मी पाटणच्या अंगाला उतरलोय. इथल्या एका मामांच्या फोनवरनं बोलतोय." जीपनं वळसा घालून त्याला आणला. अंगावर ओला टीशर्ट, दात वाजतायत, आणि गाडीत बसल्यावर पहिलं वाक्य काय? "पण चौदा दिवस चालतंय म्हणले होते की ओ!"

माझी पद्धत साधी आहे. घाटात मला पाच तास लागणार असतील, तर सगळ्या यंत्रणा चालू ठेवून किमान दहा तास देणारंच घड्याळ बघायचं. थोडी बॅटरी नकाशा खातो, थोडी दोन-तीन वर्षांत म्हातारपण खातं. आदल्या रात्री पूर्ण चार्ज, झोप मोजली नाही तरी झोप लागते. रस्ता घड्याळात भरला असेल तर तोच फोनमध्येही, ऑफलाइन नकाशासकट. आणि गाणी नकोतच. घाटात मागून येणारी एसटी ऐकू आली पाहिजे.

यावर काही हुशार लोक 'बॅटरी वाचवा' मोड सुचवतात. जीपीएस सेकंदाला नाही, तर मिनिट-दोन मिनिटांनी एकदा जागा टिपतं, तो मोड. पठारावर सरळ रस्त्याला चालून जाईल. यवतेश्वरच्या वळणांवर मात्र घड्याळ एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ रेघ मारतं, वळणं गायब, आणि तुमचं अंतर कमी भरतं. मग रात्री ग्रुपवर रडगाणं, "घड्याळ खराब आहे".

बॅरोमीटर नसलेलं घड्याळ डोंगरासाठी घेणं

घड्याळाला उंची दोन प्रकारे कळते. एक उपग्रहावरून. पण घड्याळाला दिसणारे उपग्रह सगळे आपल्या वरच्या बाजूला असतात, पायाखालचा एकही दिसत नाही, त्यामुळे जीपीएसची उभी चूक आडव्या चुकीपेक्षा सहसा जास्त असते. दुसरा प्रकार हवेच्या दाबाचा. वर चढाल तसा दाब घटतो. आपल्या साताऱ्याच्या उंचीवर साधारण ९ मीटर चढलं की १ हेक्टोपास्कल (हे दाबाचं माप). हे मोजणारा बॅरोमीटर असेल तर घड्याळाला छोटा चढही कळतो. नसेल तर सपाट मैदानावरच्या चकरांमध्येही पन्नास-साठ मीटर चढाई दाखवून मोकळं होतं.

अजिंक्यताऱ्याचा किल्ला गावापासून अडीचशे-तीनशे मीटर वर आहे. तो चढून आल्यावर कुणाच्या घड्याळात १८० आणि कुणाच्यात ४२० आलं, की मी आधी बॅरोमीटर आहे का तेच विचारतो. उदाहरण म्हणून सांगतो, गार्मिनच्या फोररनर ५५ मध्ये तो नाही. १६५ आणि २५५ मध्ये आहे, कोरोसच्या पेस ३ मध्येही आहे. फक्त पोलीस परेड ग्राउंडवर किंवा हायवेच्या सर्व्हिस रोडवर पळणार असाल तर ५५ उत्तम, उगाच पैसे घालू नका. कासच्या रस्त्याला लागणार असाल तर बॅरोमीटर नसलेल्या घड्याळाकडे बघूसुद्धा नका, मग स्क्रीन कितीही रंगीत असो.

बॅरोमीटर असला म्हणजे झालं असंही नाही. तो दाब मोजतो, उंची नव्हे. आपल्या पट्ट्यात हवेचा दाब रोजच वरखाली होतो: सकाळी दहाच्या आसपास जास्त, दुपारी चारच्या सुमाराला कमी, फरक दोन-तीन हेक्टोपास्कलचा. म्हणजे घड्याळ घरात फडताळावर ठेवलं तरी दुपारपर्यंत वीस-पंचवीस मीटर 'चढतं'. पावसाळी हवा आली तर आणखी. त्यासाठी मी निघण्याआधी ओळखीच्या जागी उंची जुळवून घेतो. सातारा शहर सुमारे ७४० मीटरवर आहे. तुमच्या गल्लीची नेमकी उंची टोपो नकाशावर (ज्यावर उंचीच्या रेषा असतात) एकदा बघून ठेवा. बऱ्याच घड्याळांत हे आपोआप होतं, पण मला स्वतः केल्याशिवाय चैन पडत नाही.

आणि ते भोक! घड्याळाच्या कडेला किंवा पाठीवर बारीक छिद्रं असतात, हवा तिथून आत जाते. घाम, चिखल, सनस्क्रीन यांनी ती बुजली किंवा पावसात ओली बाही वर चिकटून बसली की उंचीचा आलेख पायऱ्यांसारखा येतो: बराच वेळ सपाट, मग एकदम उडी. लोक लगेच सर्व्हिसला पाठवायला निघतात. आधी कोमट पाण्यात थोडा वेळ बुडवून ठेवा, नळाखाली हलकेच धुवा, सावलीत वाळवा. त्यात सुई घालू नका. टाचणीही नको. एकानं उदबत्तीची काडी घातली होती, त्याचं घड्याळ आता फक्त वेळ दाखवतं.

सिग्नल लागायच्या आत पळत सुटणं

अधीर मंडळींची आवडती चूक. उपग्रह स्वतःची नेमकी जागा सांगणारी माहिती दर ३० सेकंदांनी पुन्हा पुन्हा पाठवत असतो. ती पूर्ण मिळाल्याशिवाय घड्याळाला हिशेब जमत नाही. आदल्या रात्री अॅप उघडून घड्याळ फोनशी जोडलं असेल, तर ही माहिती आधीच इंटरनेटवरून आलेली असते आणि सिग्नल पटकन लागतो. आठवडाभर जोडलंच नसेल तर पोवई नाक्यावर इमारतींच्या मधे हात वर करून नाचलात तरी वेळ लागणारच. मी उघड्या जागी जाऊन सिग्नल लावतो, लागल्यावरही आणखी मिनिटभर थांबतो आणि तेवढ्यात बुटाची नाडी बांधतो.

घाटात एका बाजूला कातळ असतो, अर्धं आभाळ झाकलेलं. सिग्नल कातळावर आपटून उशिरा येतो आणि तुमची रेघ दरीत पळताना दिसते. ड्युअल फ्रिक्वेन्सीवाली घड्याळं एल१ आणि एल५ असे दोन सिग्नल ऐकतात, त्यामुळे हा परतून आलेला सिग्नल त्यांना बराचसा ओळखता येतो. पैसे असतील तर घ्या. पण बॅरोमीटर आणि ड्युअल फ्रिक्वेन्सी यांत एकच परवडत असेल तर डोंगरासाठी बॅरोमीटर. यावर माझ्याशी वाद घालणारे पुष्कळ आहेत, घालू देत. बोगद्यात मात्र कुठलंच घड्याळ उपग्रह बघू शकत नाही. तिथं रेघ वाकडी आली म्हणून तक्रार करू नका.

"मार्ग मोठा होता, माझ्या घड्याळात २१.३ आलं"

दर वर्षी फिनिश लाइनच्या पलीकडे, मेडल गळ्यात पडायच्या आत हे वाक्य ऐकू येतं. अर्धमॅरेथॉन २१.०९७५ किलोमीटरची. प्रमाणित मार्ग मोजतात ते सायकलच्या चाकाला यंत्र लावून, आणि वळणावर आतल्या कडेनं, म्हणजे सगळ्यात जवळच्या वाटेनं. वर किलोमीटरमागे एक मीटर जादा धरतात, मार्ग चुकूनही कमी भरू नये म्हणून. तुम्ही गर्दी चुकवत, पाण्याच्या टेबलाकडे आडवे जात, वळणाच्या बाहेरून पळता. वर घड्याळाची स्वतःची चूक. २१.३ येणारच. संयोजकांशी भांडू नका.

खरं नुकसान दुसरीकडे होतं. दोन तासांत संपवायचं म्हणून लोक घड्याळावर ५:४१ चा पेस, म्हणजे किलोमीटरला ५ मिनिटं ४१ सेकंद, धरतात. घड्याळ शेवटी २१.३ दाखवणार असेल तर त्याच्या हिशेबानं ५:३८ लागतो. ते तीन सेकंद शेवटी मिनिटभर होतात. सपाट शर्यतीत मी ऑटो लॅप (दर किलोमीटरची आपोआप नोंद) बंद करतो आणि किलोमीटरची पाटी आली की स्वतः बटण दाबतो. घाटाच्या शर्यतीत तर पेसचं पानच लपवून टाकतो. चढावर पेस बघून पळणारा उतारावर चालताना दिसतो.

बाकीच्या, थोडक्यात

ऑटो पॉज बंद ठेवा. उभ्या चढावर तुम्ही चालायला लागता आणि घड्याळाला वाटतं थांबलात, म्हणून मोजणंच थांबवतं.

मनगटावरचा हार्ट रेट एकदम १७५ वर जाऊन चिकटला आणि तुम्ही आरामात बोलताय, तर ते हृदय नाही, तुमची पावलं मोजली जातायत. पट्टा घट्ट करा, मनगटाच्या हाडापासून दोन बोटं वर सरकवा. तरीही जमत नसेल तर छातीचा पट्टा घ्या, लावण्याआधी ओला करून.

ज्यात स्वतःचं जीपीएस नाही, फोनचं वापरतं, ते घड्याळ लांब पल्ल्यासाठी घेऊ नका. खोक्यावर 'कनेक्टेड जीपीएस' असं गोंडस नाव असतं.

बारीक मनगटावर जाड घड्याळ उतारावर उड्या मारतं. दुकानात बांधून हात झटकून बघा, दुकानदार हसला तरी.

घड्याळ शर्यतीच्या आदल्या दिवशी अपडेट करू नका. कधीच.

दुबईहून येणाऱ्या भाच्याकडून मागवण्याआधी त्या घड्याळाची वॉरंटी भारतात चालते का ते कंपनीच्या साइटवर वाचा. जुनं विकत घेत असाल तर विकणाऱ्यासमोर पूर्ण चार्ज करून, जीपीएस चालू ठेवून तासभर चालून या आणि किती टक्के उतरली ते बघा. तासाला पंधरा टक्के उतरत असेल तर कास गाठून परत यायच्या आत बंद पडणार. आणि त्याच्याकडून मूळ चार्जिंग केबलही मागून घ्या. बहुतेक कंपन्यांची पिन वेगळी असते, आणि नेमकी ती साताऱ्यात ऐनवेळी मिळत नाही.