कुत्रा गोधडी चोखत बसतो? मग या चुका टाळा

आमचा गुंड्या चार वर्षांचा घोडा झालाय, सोसायटीतल्या मांजरांवर दादागिरी करतो, पण रात्र झाली की आईच्या जुन्या लुगड्याची गोधडी कोपऱ्यात ओढत नेणार, पुढच्या पायांनी तुडवत तुडवत चोखणार आणि तोंडात धरूनच झोपणार. दूध पिताना पिल्लं आईला पंज्यांनी अशीच दाबतात. हा आमच्याकडे आला तेव्हा जेमतेम महिन्याचा होता, खरं तर आठ आठवडे तरी पिल्लू आईजवळ हवं.

आमची पहिली चूक म्हणजे धुणं. वास मारते म्हणून एके दिवशी गोधडी थेट मशीनला टाकली, आणि दोन दिवस साहेब घरभर हुंगत कुंईकुंई करत फिरले, कारण त्याला गोधडी नको असते, तिचा वास हवा असतो हो! आता दोन तुकडे केलेत, एक धुवायला गेला की दुसरा त्याच्याकडे. साबण साधाच, फिनाइल वगैरे नाही. आणि कपाटात डांबराच्या गोळ्यांमध्ये ठेवलेली गोधडी तर अजिबात देऊ नका, त्या गोळ्या कुत्र्याला विषारी असतात.

हिसकावून घेऊ नका, ओरडू तर नकाच. रोज हिसकावलं की तो गुरगुरायला शिकतो, मग आपणच म्हणतो कुत्रा बिघडला. चिकनचा तुकडा दाखवा, आपोआप सोडतो.

पण सगळ्यात मोठी चूक म्हणजे "चोखतोच आहे ना, चोखू दे" म्हणून लक्षच न देणं. गोधडीचा धावदोरा सुटतो, तो पोटात गेला की आतडं त्या दोऱ्यावर चुण्या पडल्यासारखं गोळा होतं आणि कापलंही जाऊ शकतं, मग थेट ऑपरेशन. आठवड्यातून एकदा लोंबणारे दोरे कापा, बटणं काढा, आणि चोखायचं सोडून फाडून गिळायला लागला तर गोधडी बंद. सारखी उलटी, जेवण बंद, शी होत नाही, असं दिसलं की उद्यावर ढकलू नका. दोरा तोंडातून किंवा मागून लोंबताना दिसला तर ओढायचा नाही, तसंच डॉक्टरकडे न्यायचं.

मादी असेल आणि नसबंदीचं ऑपरेशन झालेलं नसेल तर अजून एक गोष्ट, माजावर येऊन गेल्यावर महिना-दोन महिन्यांनी ती खेळणी पिल्लासारखी जवळ घेऊन बसली, स्तन सुजले, दूध आलं, तर ती खोटी गर्भधारणा असू शकते. दूध पिळून काढू नका, त्याने अजून येतं.

डॉबरमनवाल्यांनी जरा जास्तच लक्ष ठेवा. या जातीत स्वतःचीच कूस, म्हणजे पोटाची बाजू, चोखायची खोड असते, तिचा संबंध 2010 मध्ये सातव्या गुणसूत्रावरच्या एका जनुकाशी जोडला गेलाय. हाक मारली, जेवण ठेवलं तरी थांबत नसेल, कातडी ओली-लाल होत असेल, तर ते लाडाचं चोखणं नाही, दाखवून घ्या.

बाकी दिवाळीत फटाके सुरू व्हायच्या आधीच आमची गोधडी बेडखाली गेलेली असते, आणि मागोमाग गुंड्याही.